कोमट

"वास तरी मारत होता का, वन्सं?" वहिनींनी फोनवर एवढंच विचारलं. आवाज चढलेला नव्हता. उलट नेहमीपेक्षा खालीच होता, आणि म्हणूनच तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आप्पा माझ्याकडे पुण्याला आले होते. मे महिना होता आणि भाचा कोल्हापूरहून त्यांच्यासाठी पायाचं अळणी, म्हणजे बोकडाच्या पायांचं पातळ सूप, घेऊन आला होता. वहिनींनी रात्रभर मंद आचेवर शिजवून, पहाटे गाळून, उकळतं असतानाच स्टीलच्या उभ्या डब्यात भरलं होतं. वरून टॉवेल घट्ट गुंडाळलेला, त्यावर कापडी पिशवी. हायवेवर जागोजागी कामं चालू होती, कराडच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, पोरगं घरी पोचेपर्यंत दुपार कलली. मी टॉवेल सोडला आणि डब्याला हात लावला. डबा कोमट होता. झाकण उघडलं तर मिरी, लवंग, लसूण आणि त्यामागून हाडांचा तो गोडसर, जड वास. अगदी घरचा. "आलं का गं?" आतून आप्पांनी विचारलं. मी ते सगळं अळणी सिंकमध्ये ओतून दिलं.

वहिनींना मी खरं तेच सांगितलं. नाही, वास येत नव्हता.

त्यांना का लागलं असेल हे मला कळत होतं, कारण पायाचं अळणी करणं म्हणजे काय असतं ते मी त्याच स्वयंपाकघरात पाहत वाढले. खाटकाकडून पाय भाजून आणायचे, तरी घरी आल्यावर विस्तवावर पुन्हा फिरवायचे, सुरीनं खरवडायचे, खुरांच्या बेचक्यात राहिलेले केस एकेक करून काढायचे. कोमट पाण्यात हळद घालून दोनदा धुवायचे. मग आलं-लसणाचं वाटण, हळद, मिरी, लवंग, एखादा कांदा, नावापुरतं मीठ आणि भरपूर पाणी. पातेल्यावर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी. आतलं पाणी आटलं की ताटातलं तापलेलं पाणी आत सोडायचं आणि ताट पुन्हा भरायचं. कुकरमध्ये हे तासाभरात होतं, पण वहिनी कुकरमध्ये करत नाहीत. त्यांच्या मते कुकरमधलं अळणी गढूळ होतं, आणि खरंच होतं. मंद आचेवरचं इतकं स्वच्छ असतं की वाटीचा तळ दिसतो. एवढ्या कामानंतर, एवढ्या जागरणानंतर, वास न मारणारं अन्न नणंदेनं बघितल्या बघितल्या ओतून टाकावं, हे कुठल्या बाईला सहन होईल? अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरातली मी. माझाही हात थरथरलाच.

आणि तरीही पुन्हा तसा डबा आला तर मी पुन्हा ओतून देईन. का, ते मला वहिनींना फोनवर सांगता आलं नाही. तेव्हा माझ्याजवळ फक्त हाताला लागलेला तो कोमटपणा होता, बाकीचं नंतर जुळत गेलं.

आमच्या आजीच्या वेळी घरात फ्रिज नव्हता. रविवारी मटण यायचं, आधी अळणी निघायचं, त्यातलं वाटी-वाटी आम्हा पोरांना मिळायचं आणि उरलेल्याचा तांबडा व्हायचा. रात्रीचा रस्सा उरला तर आजी तो झाकून फळीवर ठेवत नसे. पातेलं चुलीवरच राही. लाकडं ओढून घ्यायची, निखारे राखेनं अर्धे झाकायचे आणि त्यावर पातेलं. रात्री पाणी प्यायला उठलं आणि चुकून हात लागला तर चटका बसायचा. सकाळी त्याला खळखळून कढ आणून भाकरीबरोबर संपवायचा, दुपारपर्यंत काही उरू द्यायचं नाही. आजीला नाक तर होतंच, आणि तिच्या नाकाचा घरात दराराही होता, पण आता वाटतं की तिची खरी हुशारी त्या निखाऱ्यांत होती. तिचा रस्सा एक तर चटका देणारा असे, नाही तर पोटात गेलेला असे. मधल्या अवस्थेत तो फार वेळ राहतच नसे. चूल गेली, गॅस आला आणि पातेलं उतरवून ओट्यावर ठेवायची सवय लागली. नाक तेच राहिलं, निखारे गेले.

ही मधली अवस्था म्हणजे ढोबळ मानानं ५ ते ६० अंश सेल्सिअस. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं साधं आहे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, खाली ५ च्या आत न्या नाही तर वर ६० च्या पुढे ठेवा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनांत, बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर हे दोन तास एकावर येतात. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी ३२ च्या खाली पारा असतो कुठे? आणि डब्याला गुंडाळलेला टॉवेल प्रेमानं गुंडाळलेला असला तरी तो करतो एवढंच की अळणी गरमही राहू देत नाही आणि गारही होऊ देत नाही. तासन् तास ते पन्नास, पंचेचाळीस, चाळीस अशा पायऱ्यांवर रेंगाळतं. नेमक्या त्या पायऱ्यांवर कोण बसलेलं असतं ते वाचल्यावर मी थोडा वेळ स्वयंपाकघरात गेलेच नाही.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स असं त्या जिवाणूचं नाव. मातीत असतो, जनावरांच्या आतड्यांत असतो, मटणावर सहज येतो. आपण उकळतो तेव्हा तो मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत, टणक कवचात दडी मारून बसतात. उकळीनं पाण्यातली हवा निघून जाते, बाकीचे स्पर्धक जिवाणू मरतात, आणि मग अळणी हळूहळू निवू लागलं की ह्यांच्यासाठी मोकळं रान. ४३ ते ४७ अंश हे त्यांच्या आवडीचं तापमान. तिथे सगळं मनासारखं असेल तर दहा मिनिटांत एकाचे दोन होतात. तीन तासांत म्हणजे अठरा वेळा दुप्पट, एकाचे दोन लाख बासष्ट हजार. हे होत असताना वास बदलत नाही, रंग बदलत नाही, चवही बहुतेक वेळा बदलत नाही. असं अन्न पोटात गेलं की सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत उठून बसतो. पण ज्याला स्वतःच्या पायानं संडासापर्यंत जाता येत नाही, त्या ऐंशीच्या घरातल्या माणसाला जुलाब लागणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरी खाटेवरचं माणूस सांभाळलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग उकळून का नाही दिलंस, असं दादानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. खळखळून उकळलं असतं तर वाढलेले परफ्रिंजन्स बहुतेक मेलेच असते आणि आप्पांना काहीही झालं नसतं, ही शक्यताच जास्त. हे मी नाकारत नाही. पण सगळे जिवाणू एका स्वभावाचे नसतात. स्टॅफिलोकोकस हातावरून, नाकातून येतो; बॅसिलस सीरियस धान्या-मसाल्यांतून येतो. हे दोघं अन्नात जे विष सोडून जातात ते उकळीला दाद देत नाही. जिवाणू मरतो, त्याचं विष वाटीत राहतं. खाटेवरच्या माणसाच्या वाटीवर मी शक्यतांचा खेळ खेळणार नाही, एवढाच माझा हिशेब होता.

पुढे वाचत गेले तेव्हा एका गोष्टीनं मला थक्क केलं. जीव आपोआप निर्माण होतो की जिवापासूनच होतो, हा युरोपातला जुना वाद मटणाच्या रश्शावरही लढला गेला. जॉन नीडम या इंग्रज धर्मगुरूनं १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चुलीवरून उतरवलेला मटणाचा रस्सा बाटलीत भरला, बूच घट्ट मारलं, बाटली गरम राखेत ठेवून पुन्हा तापवली. काही दिवसांनी आत सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. त्यानं निष्कर्ष काढला, जीव रश्शातच आपोआप उपजतो. १७६५ मध्ये इटलीच्या स्पॅलान्झानीनं, तोही धर्मगुरूच, काचेच्या कुप्यांची तोंडं वितळवून बंद केली, जास्त वेळ उकळल्या, आणि त्या स्वच्छ राहिल्या. १८६० च्या आसपास फ्रान्सच्या पाश्चरनं हंसाच्या मानेसारख्या वळणदार नळीच्या कुप्या करून वाद मिटवला. आणि १८७७ मध्ये ब्रिटनच्या टिंडलनं दाखवलं की एकदा उकळून न मरणारे बीजाणू, एक दिवस थांबून पुन्हा, आणि पुन्हा एक दिवसानं उकळले तर संपतात, कारण मधल्या काळात ते कवच सोडून बाहेर आलेले असतात. हे वाचताना मला आमच्याकडची कटाची आमटी आठवली. होळीची आमटी पाडव्यापर्यंत नाही, पण दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कढ देऊन चालवायची. ती पद्धत अगदीच निराधार नव्हती, हे कळून बरं वाटलं. पण आमटीला चिंचेची, कोकमाची आंबट राखण असते. अळण्यात आंबट नाही, मीठ नावाला, नुसतं प्रथिन आणि पाणी. आजाऱ्याला पचायला सोपं, आणि म्हणूनच जिवाणूंनाही.

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे असतील तर आजही अनेकदा त्यांना मांसाचा अर्क देतात.

मुंबईत नोकरीला होते तेव्हा परळला हाफकिन संस्थेच्या आवारावरून रोज यायचे-जायचे. आत एके काळी काय शिजत होतं याची तेव्हा कल्पना नव्हती. १८९६ च्या प्लेगात जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी लशीचं काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचे जिवाणू ते मांसाच्या पाण्यातच वाढवत. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यासाठी बोकडाचं मांस वापरायला लागले. आणि त्या पाण्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडत. कुपी अजिबात न हलवता ठेवली की प्लेगचे जिवाणू त्या तुपाच्या थेंबाला धरून खाली लोंबत्या झालरी करत वाढायचे. साधारण सहा आठवडे असे वाढू देऊन मग उष्णतेनं मारून लस तयार व्हायची. म्हणजे आप्पांच्या वाटीत जे असतं, जवळपास तेच: बोकडाचं पाणी आणि वर स्निग्धाचा तवंग. याच लशीच्या एका बाटलीतून १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकोणीस माणसं धनुर्वातानं गेली. दोष हाफकिन यांच्यावर ढकलला गेला, त्यांचं काम गेलं आणि ते निर्दोष आहेत हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. बाटली उघडताना गावातच एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता बुचाला लावला गेला होता, एवढीच ती गोष्ट. प्रयोगशाळेतलं सगळं काटेकोर, आणि शेवटच्या हातात चूक. धनुर्वाताचा जिवाणू हा परफ्रिंजन्सच्याच कुळातला, हवा नसलेल्या जागी वाढणारा. परळच्या त्या भल्या माणसाबद्दल वाचताना मला फार वाईट वाटलं, आणि चमचे उकळत्या पाण्यातून काढायची सवय त्या दिवसापासून लागली.

तवंगावरून आठवलं. अळणी गार झालं की वर चरबीचा पांढरा थर धरतो. त्यानं खालचं राखलं जातं असं आमच्याकडे मानतात. अर्धं खरं आहे. वरून बुरशी, धूळ, फ्रिजमधल्या इतर वासांचा शिरकाव अडतो. पण ज्यांना हवा नकोच असते त्यांना त्या झाकणाखाली आणखी सुखच. म्हणून थर राहू द्यायचा, फ्रिजमध्ये तो काढत बसायचं नाही, आणि त्याच्या भरवशावर एक दिवसही वाढवायचा नाही.

थराखाली दिसते ती थरथरणारी जेली. शेजारच्या एका बाईंनी असं जेली झालेलं सूप "चिकट झालंय, खराब झालं" म्हणून टाकलेलं मी पाहिलंय, तेव्हा मात्र जीव हळहळला. ती खराबी नव्हे. पायांतल्या कातडीतलं, सांध्यांतलं कोलॅजन तासन् तास शिजून जिलेटिन होतं आणि गारव्यात घट्ट बसतं. जितकं घट्ट तितकं अळणी सकस निघालं. उलट खूण लक्षात ठेवावी: काल घट्ट बसलेलं अळणी आज फ्रिजमध्येच, थंड असतानाच, पाण्यासारखं सैल झालं असेल, तर काही जिवाणूंनी जिलेटिन पचवायला सुरुवात केलेली असते. वास यायच्या आधी हे डोळ्यांना दिसू शकतं. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतही हीच अडचण होती. जिलेटिनवर जिवाणू वाढवावेत तर जिवाणूच ते वितळवून टाकत आणि उन्हाळ्यात ते आपोआपही वितळे. तिथे काम करणाऱ्या हेसे यांच्या पत्नी फॅनी, ज्या नवऱ्यासाठी हे मांसाचे अर्क शिजवून देत, त्यांनी आपल्या स्वयंपाकातली वस्तू सुचवली: अगर, म्हणजे आपण दुकानात मागतो ते चायना ग्रास. हे १८८१-८२ चं. आज जगभर जिवाणूंच्या प्रयोगशाळांत ते आहे. घरात रोज पातेल्याशी उभं राहणाऱ्या बाईला जे दिसतं ते ऐकलं गेलं, याचा मला वेगळाच आनंद आहे.

नाकाचंही सांगते, कारण नाकाला मी कमी लेखत नाही. खरोखर नासलेलं अळणी नाकाला कळतं: आंबूस, उग्र, कधी भिजलेल्या चामड्यासारखा वास. झाकण उघडताना फुस्स होतं. कडेनं बारीक फेस धरतो आणि पळीनं बाजूला केला तरी पुन्हा जमतो. काल तळ दिसत होता ते आज ढगाळ होतं. पळी उचलली की धारेऐवजी तार निघते. चरबीच्या थरावर गुलाबी, हिरवट ठिपके. यातलं एकही दिसलं तर विचार करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे जिभेवर ठेवून बघायचं नाही. थंड पदार्थाचा वास दबलेला असतो, म्हणून शंका आली तर चमचाभर वाटीत घेऊन गरम करावं, वाफेबरोबर जे असेल ते वर येतं. पण हे सगळं नासलेल्याबद्दल. न नासलेलं, तरी घातक, असं जे असतं त्याला नाकाकडे उत्तर नाही. शिवाय नाकं सारखी नसतात. कोविडनंतर कितीतरी जणांचं नाक महिनोन् महिने गेलं होतं, आणि वयाबरोबर तर ते मंदावतंच. आप्पांना आता कॉफी आणि फोडणी यांतला फरक लांबून कळत नाही. ज्याच्यासाठी करतो त्यालाच वास येत नसेल, तर राखण आपण आधीच करायला हवी.

ती राखण रात्रीच्या आवराआवरीत असते. "गरम फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो" या समजुतीनं किती पातेली रात्रभर ओट्यावर राहतात! मोठ्या पातेल्यात वरचं गार लागतं आणि मध्यभाग तासन् तास कोमट असतो. मी आता गाळून झालं की पातेलं परातीत ठेवते, परातीत पाणी आणि फ्रीजरमध्ये असेल नसेल तेवढा बर्फ, आणि पळीनं ढवळत उभी राहते. बाहेरचं पाणी तापलं की बदलायचं. अर्ध्या तासात हाताला गार लागतं. मग पसरट डब्यांत, दोन बोटं उंचीइतकंच, आणि लगेच फ्रिजमध्ये मागच्या बाजूला. दारात नाही, दाराशी गारवा टिकत नाही. तीन दिवस, फार तर चौथा. त्याहून ठेवायचं असेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये, उणे १८ ला, म्हणजे दोन-तीन महिने चव जात नाही. काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरू नये, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि बरणी तडकते. काढायचं ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून, मग खळखळून उकळी. पुन्हा गार करून पुन्हा ठेवणं नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचंच नाही. बंद दारामागे साधारण चार तास गारवा राहतो, भरलेल्या फ्रीजरमध्ये दोन दिवसही. त्यापुढे, विशेषतः वळवाच्या पावसात तार तुटून रात्रभर वीज गेली असेल तर, सकाळी अळण्याचा मोह सोडायचा.

आणि एक, जे बोललं की लोक नाराज होतात. पायाच्या अळण्यानं हाड लवकर जुळतं असं मला वाटत नाही. हाडांतलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरतच नाही. आप्पांचा खुबा सर्जननं, व्यायाम घेणाऱ्या मुलीनं आणि त्यांच्या स्वतःच्या जिद्दीनं बरा केला. पण त्या काळात त्यांना पोळी नको असायची, भात नको असायचा आणि अळण्याची वाटी मात्र ते दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत प्यायचे. त्या वाटीनं त्यांना भूक परत दिली. एवढं मोठं काम करणारी गोष्ट सांभाळून ठेवायला नको?

वहिनींशी हे सगळं बोलायला मी दिवाळीला कोल्हापूरला गेले तेव्हा जमलं. मागच्या पडवीत, लसूण सोलता सोलता. त्यांनी ऐकून घेतलं. हाफकिनची तुपाची गोष्ट त्यांना आवडली, मुलकोवालच्या गोष्टीला त्यांनी "अगं बाई" म्हणून हात थांबवला. मग म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर मी थर्मासमध्ये दिलं असतं." आणि ते अगदी बरोबर होतं. चांगला थर्मास आधी उकळत्या पाण्यानं तापवून, ते पाणी ओतून, त्यात उकळतं अळणी तोंडापर्यंत भरलं तर ते पुण्यापर्यंत साठच्या वर राहतं. पोचल्यावर वाटीत घेतलं की ओठ भाजले पाहिजेत, ही खूण. दुसरा मार्ग गोठवून, थर्माकोलच्या पेटीत बर्फाबरोबर. आमचं एकच गोष्टीवर अजून जमत नाही. त्यांना पांढरा रस्सा करूनच पाठवायचा असतो, नारळाचं दूध, खसखस, तीळ सगळं घालून. माझं म्हणणं, नारळाचं दूध घातलं की रस्सा आणखी लवकर उतरतो आणि गोठवला की फाटतो. नुसतं अळणी पाठवा, दूध मी इथे ताजं काढीन. त्या म्हणतात, पुण्याच्या नारळाला ती चव नाही. हा वाद मिटायचा नाही आणि मला तो मिटायला नकोही आहे.

आप्पा आता काठी घेऊन खालच्या कट्ट्यावर जातात. फ्रीजरमध्ये अळण्याचे डबे मात्र असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तारीख. गेल्या महिन्यात समोरच्यांची लेक बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या आईनं विचारलं, तुमच्याकडचं ते पायाचं मिळेल का. मी दोन डबे दिले आणि सांगितलं, एका वेळी एकच काढा, नीट उकळी येऊ द्या, गरम गरम द्या. "आणि उरलं तर संध्याकाळी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर असतं: टाकवत नाही. मी त्यांना परफ्रिंजन्स समजावत बसले नाही. पुढच्या वेळी बाजारातून येताना वाटीएवढे, एकाच माणसाला पुरतील असे लहान डबे घेऊन आले, आणि आता त्यातच भरते.